इंजिन उपाशी का राहतं?



कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली आता. सुरुवात स्कूटर आणि जीपपासून झाली. पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो गाड्या आल्या, आणि त्यांची ताकद आणखी वाढवून घेणारी हौशी मुलंही आली. या मुलांच्या गाड्यांना होणाऱ्या एका दुखण्याबद्दल आज बोलायचं आहे. आम्ही गॅरेजवाले म्हणतो, ‘गाडी लीन चालते.’ सरळ मराठीत सांगायचं तर इंजिनाला हवा पोटभर मिळते, पण पेट्रोल कमी पडतं. इंजिन उपाशी राहतं.

ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे त्यांना हे दुखणं जुनंच वाटेल. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकायचा. स्कूटर घाटात तापायची आणि एकदम जाम व्हायची. मिस्त्री प्लग काढून बघायचा. प्लग तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढरा फटक असेल तर पेट्रोल कमी. तेवढ्यावर निदान व्हायचं.

आताच्या गाडीत हाच हिशेब आकड्यांत होतो. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. नेमकं हे प्रमाण असलं की त्याला ‘लॅम्डा एक’ म्हणतात. आकडा एकाच्या वर गेला की हवा जास्त, म्हणजे लीन. खाली आला की पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर जळून गेलेल्या धुरातला प्राणवायू बघतो आणि त्यावरून हे सांगतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा आला. आज तो प्रत्येक पेट्रोल गाडीत असतो.

आता टर्बोकडे येऊ. लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. भाता चालवला की निखारा फुलतो. टर्बो हा तसाच भाता. फरक एवढाच, की तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. टर्बो जास्तीची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. त्या दाबाला आम्ही ‘बूस्ट’ म्हणतो. हवा जास्त गेली की त्या हिशेबात पेट्रोलही जास्त जायला हवं. ते गेलं तर ताकद वाढते. नाही गेलं तर काय होतं, तेच आज सांगायचं आहे.

पूर्ण बूस्टवर लॅम्डा एक ठेवून चालत नाही. सर्वसाधारणपणे ०.८०च्या आसपास ठेवतात, म्हणजे गरजेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल देतात. आपल्याला वाटेल, ही उधळपट्टी कशाला? मातीच्या माठातलं पाणी पाझरून उडून जातं आणि आतलं पाणी गार राहतं. तसं जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेतं आणि आतलं मिश्रण थंड ठेवतं. सिलिंडरमधल्या आगीचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच असतो. तो टिकतो, कारण त्याच्यातली उष्णता सतत काढून घेतली जाते. पेट्रोल कमी पडलं की हा बंदोबस्त ढिला होतो. मग ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याची वाट न पाहता उरलेलं मिश्रण कोपऱ्यातून आपोआप भडकतं. त्याला आपण ‘नॉकिंग’ म्हणतो. पूर्ण बूस्टवरचं जोराचं नॉकिंग काही सेकंदांतही पिस्टनची वाट लावू शकतं.

या दुखण्याची मोठी अडचण अशी, की सुरुवातीला ते दुखणं वाटतच नाही. पेट्रोल थोडंसं कमी झालं की गाडी उलट चपळ वाटते. मालक खूश होऊन सांगतो, ‘अण्णा, गाडी काय पळतेय!’ मीही एकदा असाच खूश झालो होतो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण माझं पुढचं सगळं शिक्षण त्यातून झालं.

२०११ सालची गोष्ट. इचलकरंजीचा एक मुलगा जुनी टर्बो गाडी घेऊन आला. वडिलांचे यंत्रमाग होते, मुलाने स्वतः पैसे साठवून गाडी घेतली होती. त्याला बूस्ट वाढवून हवा होता. मी वाढवून दिला, लॅम्डाचं मीटर बसवलं आणि हायवेवर चक्कर मारली. मला ०.८० हवं होतं, मीटर ०.८४ दाखवत होतं. मी लॅपटॉप जोडला, सगळ्या तक्त्यात पाच टक्के पेट्रोल वाढवलं आणि पुन्हा चक्कर मारली. मीटरवर ०.८० आलं. काम झालं म्हणून गाडी दिली.

आठव्या दिवशी रात्री फोन आला. मुलगा आईला घेऊन गोव्याहून परत येत होता. आंबोलीच्या चढावर इंजिनाने आवाज केला, मागे निळा धूर झाला आणि गाडी थांबली. मी टोइंगची गाडी घेऊन पोचेपर्यंत तीन तास ती माउली पावसात रस्त्याच्या कडेला बसून होती. मला बघून एवढंच म्हणाली, “दादा, तुम्ही बघून दिली होती ना गाडी?”

इंजिन खोललं. तिसऱ्या नंबरच्या पिस्टनला आरपार भोक. बाकीचे तीन पिस्टन काळे, काजळी धरलेले. एकाच इंजिनात तीन सिलिंडरना पेट्रोल जास्त आणि एकाला कमी, असं कसं? चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले. तीन काचेच्या नळ्या सारख्या भरल्या. तिसरी साधारण एक पंचमांश कमी भरली. त्या इंजेक्टरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने बुजली होती.

मग कागदावर हिशेब मांडला. हा हिशेब मी गाडी द्यायच्या आधी करायला हवा होता. तीन सिलिंडर ०.८० वर चालत असतील आणि चौथ्याला वीस टक्के पेट्रोल कमी मिळत असेल, तर त्याचा आकडा येतो १.००. चौघांचा धूर एकत्र होऊन सेन्सरपाशी येतो, म्हणून मीटर दाखवतं ०.८४. मी सगळ्यांना पाच टक्के वाढवलं. मीटर ०.८० वर आलं. पण आत तिघांचं ०.७६ झालं आणि त्या उपाशी सिलिंडरचं फक्त ०.९५. पूर्ण बूस्टवर ०.९५! मीटर सरासरी सांगत होतं आणि मी ती सगळ्यांची खुशाली समजलो. घरातल्या तिघांना चार भाकरी जास्त वाढल्या म्हणून चौथ्याचं पोट भरत नाही.

त्या इंजिनाचा खर्च मी केला. त्या माउलीच्या प्रश्नाला उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. मी गाडी बघितली नव्हती, मीटर बघितलं होतं.

त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. लीन गाडी आली की कारण सापडेपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही. आधी प्रश्न विचारायचे, आणि तेही क्रमाने.

पहिला प्रश्न मालकाला. कधी होतं? नुसती चालू ठेवल्यावर, सावकाश चालवताना, की पूर्ण दाबल्यावर? अर्धं निदान इथे होतं. इंजिन नुसतं चालू असताना त्याच्या आत ओढ असते, म्हणजे ते हवा खेचत असतं. थ्रॉटलच्या पुढे कुठे होज फाटला असेल, गॅस्केट गेलं असेल, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. अशी गाडी आयडलला लीन दाखवते आणि वेग वाढला की सुधारते. याउलट आयडलला, साध्या चालीला सगळं ठीक आणि फक्त जोर लावला की पेट्रोल कमी, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर जातो. आणि सगळीकडेच सारखी कमतरता असेल, तर हवा मोजणारा सेन्सर, इंजेक्टर किंवा खुद्द पेट्रोल यांच्याकडे बघावं लागतं. तेल लावलेला एअर फिल्टर बसवला आणि त्याचं तेल सेन्सरच्या तारेवर बसलं, की सेन्सर हवा कमी मोजतो. मग कॉम्प्युटर पेट्रोलही कमी देतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. टर्बोचा होज निसटला, बूस्ट गळतो, म्हणून गाडी लीन झाली, असं सर्रास म्हटलं जातं. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी असलेल्या गाडीत पूर्ण बूस्टवर उलटं होतं. हवा आधी मोजली जाते, मग वाटेत गळते. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेइतकं पेट्रोल देतो, म्हणून गाडी रिच होते आणि काळा धूर सोडते. जिथे हवेचा दाब मोजून पेट्रोल ठरतं, तिथे अशी गळती पेट्रोलचं प्रमाण फारसं बिघडवत नाही, ताकद तेवढी कमी होते. गळती शोधायला धूर सोडण्याचं मशीन मिळतं. ते नसेल तर साबणाचं पाणी आणि थोडा कॉम्प्रेसरचा दाब पुरतो. सायकलचं पंक्चर काढतो तसंच.

दुसरा प्रश्न मीटरला. तू खरं बोलतोस का? सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला बारीक चीर असेल, तर आयडलला आणि कमी जोरावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर उगाच लीन दाखवतं. तसंच, बूस्ट वाढवल्यावर प्लगची फट जुनीच ठेवली, तर कधीकधी ठिणगी पडतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि प्राणवायू दोन्ही बाहेर जातात. सेन्सरला फक्त प्राणवायू कळतो. तो म्हणतो, लीन! अशा वेळी पेट्रोल वाढवलं तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटेल.

तिसरा प्रश्न गाडीच्या कॉम्प्युटरला. साध्या चालीला कॉम्प्युटर लॅम्डा बघून पेट्रोल कमीजास्त करत असतो आणि ती दुरुस्ती टक्क्यांत लिहून ठेवतो. साध्या स्कॅनरवर ती दिसते. दोन-चार टक्के असेल तर काळजी नाही. वीसच्या पुढे गेली असेल, तर गाडी आधीपासून कुठलीतरी कमतरता झाकत होती असं समजावं.

चौथी गोष्ट विचारायची नाही, मोजायची. पेट्रोलचा दाब. आणि शेवटची, चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवायचे. चौघे सारखे दिसले पाहिजेत. एक वेगळा दिसला, तर मीटर काहीही म्हणो, गाडी रस्त्यावर जात नाही. प्लगच्या चिनी मातीवर चकचकीत बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं.

या क्रमाचा उपयोग कसा होतो, त्याचं एक उदाहरण देतो. २०२४ च्या दिवाळीनंतर सांगलीचा एक मुलगा आला. १.८ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, बूस्ट एक बारपर्यंत वाढवलेला, टाकीत मोठा पेट्रोल पंप नवा बसवलेला. म्हणाला, “काका, पाच हजारांच्या पुढे गाडी दम टाकते. दुसरीकडे दाखवली, ते म्हणाले मॅपमध्ये बारा टक्के पेट्रोल वाढवू. वाढवू का?”

मी म्हटलं, “अरे, थांब जरा. आधी बघू.”

आयडलला लॅम्डा एक. साध्या चालीला एक. कॉम्प्युटरची दुरुस्ती फक्त दोन टक्के. म्हणजे हवा मोजणारा सेन्सर ठीक, आयडलची गळती नाही, एक्झॉस्टला चीर नाही. तीन संशयित पाच मिनिटांत सुटले. प्लग चारही सारखे. आता डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर उभी करून चाकं रोलरवर फिरवतात तिथे, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली. ३५०० फेऱ्यांना ०.८२, ४५०० ला ०.८६, ५२०० ला ०.९६. तिथेच पाय काढला.

मग पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. या गाडीत पेट्रोलचा दाब इंजिनातल्या हवेच्या दाबापेक्षा नेहमी तीन बारने जास्त राहिला पाहिजे. हवा एक बारने दाबत असेल तर पेट्रोलला चार बार हवेत, कारण इंजेक्टरला त्या हवेच्या विरुद्ध पेट्रोल ढकलायचं असतं. ३५०० फेऱ्यांना काटा चारवर होता. ५२०० ला ३.२ वर घसरला. म्हणजे ढकलायला तीनऐवजी २.२ बारच उरले. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबात कमी होतो, म्हणजे सुमारे चौदा टक्के कमी. ०.८२ चं ०.९६ का झालं, याचं उत्तर मिळालं. मीटरचा हिशेब आणि गेजचा हिशेब जुळला.

आता बघा, या गाडीत मॅपमध्ये बारा टक्के वाढवले असते तर काय झालं असतं? मॅप वाढवणं म्हणजे इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवणं. मागून पेट्रोलच येत नसताना तो जास्त उघडला, तर दाब आणखी पडणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग दाब का पडतो? फिल्टर नवा होता. रेग्युलेटरचा होज जागेवर होता. पंप नवा. व्होल्टमीटर घेतला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपाच्या टोकांवर जोर असताना १०.८. मधले ३.१ व्होल्ट वायरीत जात होते. त्यातले १.९ एकट्या अर्थिंगच्या बाजूला. मागची सीट काढली, तर अर्थिंगचा बोल्ट गंजलेल्या पत्र्यावर आवळलेला. शिवाय मोठ्या पंपाला जुनीच बारीक वायर. नळ मोठा, पण पाइप पाव इंची, अशी गत. पत्रा घासून चकचकीत केला, बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि वेगळा रिले टाकला. पंपावर १३.४ व्होल्ट आले. डायनोवर ६००० फेऱ्यांपर्यंत दाब चार बार, लॅम्डा ०.८२. मॅपला हात लावला नाही.

मुलाने विचारलं, “एवढंच होतं?” एवढंच होतं. आणि एवढ्यापायी इंजिन गेलं असतं.

पण ‘मॅप कधीच बदलू नका’ असंही मी म्हणत नाही. कधीकधी खरंच इंजेक्टर लहान पडतो. ६००० फेऱ्यांना एका सिलिंडरचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत संपतं. त्यातले १७ मिलिसेकंद इंजेक्टर उघडाच असेल, तर तो ८५ टक्के कामावर आहे. त्याला आणखी काम सांगण्यात अर्थ नाही, मोठा बसवावा आणि मग मॅप करावा.

दुसरं कारण आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचं आहे. इथेनॉल. उसाच्या पट्ट्यातला माणूस इथेनॉलला नावं कशी ठेवणार? पण हिशेब समजून घेऊ. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, म्हणून ते जाळायला हवा कमी लागते. एका ग्रॅमला १४.७ ऐवजी सुमारे नऊ ग्रॅम. त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ साली पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्याचं वजनाने सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं, १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत सुमारे चार टक्के. साध्या चालीला कॉम्प्युटर ही तूट भरून काढतो. पण पुष्कळ जुन्या गाड्या पूर्ण दाबल्यावर सेन्सरकडे बघतच नाहीत, तक्त्यात लिहिलंय तेवढंच पेट्रोल देतात. तो तक्ता २०१५ साली कुणी काठावर बेतून लिहिला असेल, तर आज तो अपुरा पडू शकतो. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, हे खरं. पण त्या भरवशावर तूट तशीच ठेवू नये. बूस्ट वाढवलेली जुनी गाडी असेल तर एकदा डायनोवर तपासून घ्या.

जाता जाता मालकांना तीन गोष्टी सांगतो. जोर लावल्यावर गाडी अडखळली, किंवा आतून खडखडाट आला, तर सगळ्यात आधी पाय काढा. ‘पुन्हा एकदा दाबून बघू’ म्हणू नका, तो दुसरा प्रयत्न महाग पडतो. दुसरं, ही तपासणी घाटात किंवा हायवेवर करू नका. मीही पूर्वी केली आहे आणि ते चुकलंच. तिथे इतर माणसं असतात. तिसरं, मूळ बनावटीत बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत, आणि विमा कंपनीही हे बघते. काम करून घेण्याआधी ते समजून घ्या.

आणि माझ्या धंद्यातल्या तरुण मुलांना एकच सांगणं. लॅपटॉप शिका, जरूर शिका. पण गिऱ्हाईक गाडी देताना आपल्या घरच्यांचा जीव आपल्या हातात देतं. मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून गाडी परत देऊ नका. तो का बिघडला होता, हे स्वतःच्या शब्दांत गिऱ्हाइकाला सांगता आलं, की मगच चावी द्या.

ते भोक पडलेलं पिस्टन माझ्या टेबलावर आहे. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो, आणि आंबोलीच्या घाटातल्या त्या माउलीचा प्रश्न सांगतो.